संथ प्रोग्रामचे कारण कसे शोधावे: नव्या डेव्हलपरसाठी मार्गदर्शक

प्रोग्राम बरोबर उत्तर देतो, पण फार उशिरा देतो, ही तक्रार प्रत्येक डेव्हलपरच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. चुकीमुळे बंद पडणारा प्रोग्राम निदान काही माग ठेवतो. एरर मेसेज मिळतो, फाइलचे नाव मिळते, ओळीचा क्रमांक मिळतो. संथपणा असा कोणताही माग ठेवत नाही. त्यामुळे नवखा डेव्हलपर कोड वाचू लागतो, जी ओळ त्याला अवघड किंवा विस्कळीत दिसते तिच्यावर संशय घेतो आणि दोन दिवस खर्चून ती नव्याने लिहितो. लागणारा वेळ मात्र होता तेवढाच राहतो. नुसता कोड वाचून संथपणाचे कारण ओळखण्यात अनुभवी माणसेही वारंवार चुकतात, कारण एखादी ओळ प्रत्यक्षात किती वेळा चालणार आहे आणि चालताना कशाची वाट पाहणार आहे, हे त्या ओळीकडे पाहून कळत नाही. म्हणून पुढील प्रत्येक पायरीमागे एकच आग्रह आहे: वेळ कुठे जातो हे मोजल्याशिवाय कोडला हात लावू नये.

पहिली पायरी: तक्रार आकड्यांत मांडावी

‘साइट हळू चालते’ या वाक्यावर काम करता येत नाही. कोणते पान, कोणत्या वापरकर्त्याला, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती सेकंदांत उघडते आणि किती सेकंदांत उघडायला हवे, एवढे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लिहून काढावीत. ‘ज्या खात्यात ५,००० पेक्षा जास्त ऑर्डर आहेत, त्या खात्याची यादी उघडायला ८ सेकंद लागतात, ती १ सेकंदाच्या आत उघडायला हवी’ असे वाक्य तयार झाले की निम्मा शोध तिथेच सुरू होतो, कारण वेळ नोंदींच्या संख्येबरोबर वाढतो आहे हे त्या वाक्यातच दडलेले असते. उद्दिष्टाचा आकडा आधीच ठरवण्याचा आणखी एक उपयोग आहे: कुठे थांबायचे हे त्यावरून कळते. आकडा नसेल तर सुधारणा करत राहण्याला अंत नसतो.

त्याच वेळी ‘हे कधीपासून होते आहे’ हेही विचारावे. मागच्या आठवड्यापर्यंत सगळे ठीक होते असे कळले, तर दोनच शक्यता ठळकपणे उरतात: कोड बदलला किंवा डेटा वाढला. कोड बदलला असेल तर कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधील ‘बायसेक्ट’ ही आज्ञा फार मोलाची आहे. चांगला कमिट (कमिट म्हणजे नोंदवून ठेवलेला एक बदल) आणि वाईट कमिट तिला सांगितले की ती दर वेळी मधला कमिट तपासायला देते. दर तपासणीत निम्मी शक्यता गळते, म्हणून १,००० कमिटमधूनही दोषी कमिट सुमारे १० तपासण्यांत सापडतो.

दुसरी पायरी: संथपणा आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून आणावा

जो संथपणा आपल्याला हवा तेव्हा घडवून आणता येत नाही, तो दुरुस्त झाला की नाही हेही सांगता येत नाही. इथे नवखे डेव्हलपर अडतात ते बहुतेक वेळा डेटाच्या आकारामुळे. आपल्या लॅपटॉपवरील डेटाबेसमध्ये ५० नोंदी असतात आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर काही लाख. ५० नोंदींवर वाईटातला वाईट कोडही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतो. म्हणून चाचणीसाठी खऱ्या आकाराइतका डेटा तयार करावा. खऱ्या डेटाची प्रत वापरायची झाल्यास वापरकर्त्यांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक आधी बदलून टाकावेत. शक्य असेल तर बनावट नोंदी तयार करणारी छोटी स्क्रिप्टच लिहावी. मात्र बनावट डेटाची वाटणी खऱ्यासारखी असायला हवी. प्रत्यक्षात एका ग्राहकाच्या २०,००० ऑर्डर असतील आणि बाकीच्यांच्या पाच-दहा, तर सर्वांना सारख्या ऑर्डर वाटून केलेली चाचणी त्या एका ग्राहकाचा त्रास कधीच दाखवणार नाही.

तिसरी पायरी: मोजमाप विश्वासार्ह करावे

वेळ मोजण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तारीख-वेळ सांगणारे फंक्शन वापरू नये. ते घड्याळ इंटरनेटवरील वेळेशी जुळवून घेताना पुढे-मागे सरकते आणि क्वचित दोन नोंदींमधला फरक ऋणही येतो. जवळपास प्रत्येक भाषेत फक्त पुढेच जाणारे, कालावधी मोजण्यासाठीचे वेगळे घड्याळ असते: पायथॉनमध्ये ‘परफ काउंटर’, जावामध्ये ‘नॅनोटाइम’, ब्राउझरमधील जावास्क्रिप्टमध्ये ‘परफॉर्मन्स नाउ’. तेच वापरावे.

एकदा मोजून समाधान मानू नये. पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून वाचली जाते, दुसऱ्या वेळी ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत आधीच असते. जावासारख्या भाषेत कोड आधी संथपणे चालतो आणि वारंवार चाललेला भाग चालू असतानाच यंत्रभाषेत बदलला जातो. त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांचे आकडे नंतरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये डीबग बिल्डवर, म्हणजे दोष शोधण्यासाठी तयार केलेल्या संथ रूपावर, घेतलेले मोजमाप जवळपास निरुपयोगी असते, आणि वापरकर्त्यांना देण्याच्या रिलीज बिल्डमध्ये कंपायलर, ज्या हिशेबाचे उत्तर पुढे कुठेच वापरलेले नाही तो हिशेबच काढून टाकू शकतो. दहा लाख फेऱ्यांचा लूप शून्य वेळात संपला, तर आनंद मानण्याआधी तो लूप उरला आहे का, हे पाहावे.

सर्व्हरच्या बाबतीत सरासरी फसवी असते. १०० विनंत्यांपैकी ९९ विनंत्या ५० मिलिसेकंदांत पुऱ्या झाल्या आणि एकीला ५ सेकंद लागले, तर सरासरी ९९.५ मिलिसेकंद येते. हा अनुभव त्या १०० जणांपैकी एकालाही आलेला नसतो. म्हणून विनंत्या वेळेच्या चढत्या क्रमाने लावून मधली, ९५ टक्क्यांवरची आणि ९९ टक्क्यांवरची किंमत पाहण्याची पद्धत आहे. या किमतींना पर्सेंटाइल म्हणतात. शेवटच्या एका टक्क्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण एक पान उघडण्यासाठी १०० अंतर्गत सेवांना विचारावे लागत असेल आणि प्रत्येक सेवा शंभरात एकदाच अडखळत असेल, तरी किमान एक सेवा अडखळण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के होते.

चौथी पायरी: प्रोग्राम काम करतो आहे की वाट पाहतो आहे, हे आधी ठरवावे

हा प्रश्न नवखे डेव्हलपर सहसा विचारतच नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण शोधातला हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. संथ प्रोग्राम एक तर प्रोसेसर वापरून काही हिशेब करत असतो, नाही तर दुसऱ्या कुणाची वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो: डिस्कची, डेटाबेसची, नेटवर्कवरील दुसऱ्या सेवेची किंवा दुसऱ्या थ्रेडने (त्याच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्याने) धरून ठेवलेल्या लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणाऱ्या परवानगीची. दोन्हींची दुरुस्ती पूर्णपणे वेगळी असते. वाट पाहणाऱ्या प्रोग्रामला वेगवान प्रोसेसर देऊन काहीही साधत नाही.

लिनक्स किंवा मॅकवर कमांड लाइनने चालणाऱ्या प्रोग्रामच्या आधी ‘टाइम’ ही आज्ञा लावली की शेवटी तीन आकडे मिळतात. ‘रिअल’ म्हणजे प्रत्यक्ष गेलेला वेळ, ‘युजर’ म्हणजे प्रोग्रामच्या स्वतःच्या कोडने वापरलेला प्रोसेसरचा वेळ आणि ‘सिस’ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने त्याच्यासाठी खर्च केलेला वेळ. ‘रिअल’ १० सेकंद आणि ‘युजर’ व ‘सिस’ मिळून १ सेकंद असेल, तर ९ सेकंद वाट पाहण्यात गेले. ‘युजर’चा आकडा ‘रिअल’पेक्षा मोठा दिसला तर गोंधळून जाऊ नये, प्रोग्राम एकाच वेळी अनेक कोअर वापरतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. सतत चालू असलेल्या सर्व्हरसाठी ‘टॉप’ या आज्ञेत प्रोसेसरचा वापर पाहावा.

वाट पाहणे इतके महाग का, हे काही ढोबळ आकड्यांवरून समजते. प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या कॅशेतून, म्हणजे छोट्या वेगवान साठ्यातून, माहिती मिळायला सुमारे १ नॅनोसेकंद लागतो आणि मुख्य मेमरीतून सुमारे १०० नॅनोसेकंद. एसएसडीवरून एक छोटा तुकडा वाचायला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, फिरत्या डिस्कवर जागा शोधायला काही मिलिसेकंद, आणि दूरच्या खंडातल्या सर्व्हरकडे जाऊन परत यायला शंभर-दीडशे मिलिसेकंद किंवा अधिक. यंत्रानुसार हे आकडे बदलतात, पण त्यांच्यातली हजारो पटींची दरी तशीच राहते. बाहेरच्या सेवेकडे केलेली एक अनावश्यक फेरी वाचवणे हे कोडमधल्या शेकडो सूक्ष्म सुधारणांपेक्षा जास्त फळ देते.

बाहेरच्या सेवेला विचारताना वेळेची मर्यादा, म्हणजे टाइमआउट, नेहमी स्वतः घालावी. पायथॉनमधील अतिशय लोकप्रिय ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी आपण सांगितल्याशिवाय कोणतीही मर्यादा घालत नाही. समोरची सेवा गप्प बसली तर आपला प्रोग्रामही तिच्यासोबत अनिश्चित काळ गप्प बसतो.

पाचवी पायरी: प्रोफायलर चालवावा

प्रोग्राम वाट पाहत नसून खरोखर काम करतो आहे असे ठरले की प्रोफायलरकडे, म्हणजे कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ जातो हे मोजणाऱ्या साधनाकडे, वळावे. पायथॉनसोबतच येणारा ‘सीप्रोफाइल’, चालू प्रक्रियेला बाहेरून जोडता येणारा ‘पाय-स्पाय’, जावासाठी ‘फ्लाइट रेकॉर्डर’, गो भाषेसाठी ‘पीप्रॉफ’, लिनक्सवर ‘पर्फ’ आणि ब्राउझरमधल्या डेव्हलपर टूल्समधील ‘परफॉर्मन्स’ हा टॅब ही सर्व याच कामाची साधने आहेत.

त्यांचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. एक प्रकार प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी नोंद ठेवतो. त्यामुळे फंक्शन किती वेळा बोलावले गेले हे अचूक कळते, पण नोंद ठेवण्याचाच खर्च होत असल्याने लाखो वेळा चालणारी लहान फंक्शने आहेत त्याहून महाग दिसतात. ‘सीप्रोफाइल’ या प्रकारात मोडतो. दुसरा प्रकार ठरावीक अंतराने प्रोग्राम त्या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये आहे एवढेच टिपतो. गोचा प्रोफायलर सेकंदाला १०० वेळा असे टिपण घेतो. हा प्रकार हलका असतो आणि प्रत्यक्ष सर्व्हरवरही चालवता येतो.

निकाल वाचताना एकूण वेळ आणि स्वतःचा वेळ यांतला फरक सांभाळावा. मुख्य फंक्शनचा एकूण वेळ नेहमीच १०० टक्क्यांच्या जवळ असतो, कारण बाकी सगळी फंक्शने त्याच्या पोटात चालतात. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये तयार केलेला फ्लेम ग्राफ हे नाते चित्रात दाखवतो: प्रत्येक पट्टी म्हणजे एक फंक्शन, आणि ज्या फंक्शनने बोलावले त्याच्या पट्टीवर बोलावलेल्याची पट्टी. पट्टीची रुंदी म्हणजे वेळेतला वाटा. डावीकडून उजवीकडे पट्ट्यांचा जो क्रम दिसतो तो घटनाक्रम नसतो. पट्ट्या सहसा नावांच्या वर्णक्रमाने लावलेल्या असतात. उंच मनोऱ्यांकडे नजर जाते, पण उंची म्हणजे फक्त एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांची साखळी. पाहायचे असते ते रुंद पठार.

किती फायदा होऊ शकेल याचा हिशेब इथेच करून ठेवावा. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार साधा आहे: एखादा भाग एकूण वेळेच्या १० टक्के असेल, तर तो शून्य वेळात चालला तरी एकूण वेळ १० टक्क्यांहून जास्त कमी होणार नाही. ८० टक्के वेळ घेणारा भाग नुसता दुप्पट वेगाने चालवला तरी एकूण वेळ ६० टक्क्यांवर येतो. एखाद्या फंक्शनची रचना कितीही खटकत असली, तरी त्याचा वाटा २ टक्के असेल तर वेगाच्या कारणासाठी त्याला हात लावू नये.

सहावी पायरी: डेटाबेसकडे नीट पाहावे

वेब प्रोग्राममध्ये सर्वाधिक वेळ वाट पाहण्यात जातो आणि ती वाट बहुतेकदा डेटाबेसची असते, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळावे लागते.

सर्वप्रथम एका पानासाठी किती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, जातात ते मोजावे. ऑर्डरची यादी एका क्वेरीने आणली आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचे नाव स्वतंत्र क्वेरीने आणले, तर २०० ऑर्डरसाठी २०१ क्वेरी जातात. या दोषाला ‘एन प्लस वन’ म्हणतात. डेटाबेस लॅपटॉपवरच असेल तर प्रत्येक फेरी मिलिसेकंदाच्या अंशात होते आणि काहीच जाणवत नाही. तोच डेटाबेस वेगळ्या यंत्रावर गेला आणि फेरीला २ मिलिसेकंद लागू लागले की तेवढ्यातच ४०० मिलिसेकंद जातात. जँगो, रेल्स, हायबरनेट यांसारख्या फ्रेमवर्कमध्ये हा दोष डोळ्यांना दिसत नाही, कारण कोडमध्ये क्वेरी नसतेच; फक्त ‘ऑर्डरचा ग्राहक’ असा साधा उल्लेख असतो आणि तोच पडद्याआड क्वेरी पाठवतो. जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’ किंवा ‘प्रीफेच रिलेटेड’, रेल्समध्ये ‘इन्क्लूड्स’ वापरून संबंधित नोंदी एक-दोन क्वेरींत एकत्र आणता येतात. विकसनाच्या काळात क्वेरींचा लॉग सतत समोर ठेवण्याची सवय लावून घ्यावी. एकाच साच्याच्या ओळी एकाखाली एक धावताना दिसल्या की दोष सापडलाच.

क्वेरींची संख्या कमी असूनही वेळ जात असेल, तर एक-एक क्वेरी तपासावी. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन प्रत्येक प्रकारच्या क्वेरीने एकूण किती वेळ घेतला ते सांगते. मायएसक्यूएलमध्ये संथ क्वेरींचा लॉग असतो, पण तो मुळात बंद असतो आणि चालू केल्यावरही त्याची मर्यादा १० सेकंदांवर ठेवलेली असते. ती खाली आणली नाही तर ३ सेकंद घेणारी क्वेरी त्यात कधीच दिसत नाही.

संशयित क्वेरी हाती आली की तिच्यापुढे ‘एक्स्प्लेन’ लावून डेटाबेसची योजना वाचावी. मोठ्या टेबलवर संपूर्ण टेबल वाचले जात असेल आणि त्यातून मोजक्याच ओळी निवडल्या जात असतील, तर इंडेक्सची, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारख्या क्रमवार यादीची, गरज आहे असे समजावे. ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ अंदाजासोबत प्रत्यक्ष आकडेही देते, मात्र त्यासाठी ती क्वेरी खरोखर चालवते. अपडेट किंवा डिलीट क्वेरीपुढे ती लावली तर नोंदी खरोखरच बदलतील किंवा पुसल्या जातील. म्हणून आधी ट्रान्झॅक्शन सुरू करावे आणि शेवटी ते रोलबॅक करावे, म्हणजे सर्व बदल मागे घेतले जातात. अंदाजे ओळी १० आणि प्रत्यक्ष ओळी ५ लाख अशी मोठी तफावत दिसली, तर डेटाबेसकडील आकडेवारी जुनी झालेली असण्याचा संभव आहे; टेबलवर ‘अ‍ॅनालाइझ’ चालवून योजना पुन्हा पाहावी.

इंडेक्स असूनही तो वापरला जात नाही, हा नवख्यांना हमखास पडणारा प्रश्न आहे. नेहमीची कारणे ठरलेली आहेत. ईमेलच्या कॉलमवर इंडेक्स आहे, पण क्वेरीत ईमेल आधी लहान अक्षरांत बदलून मग तुलना केली आहे. अशा वेळी साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही आणि त्या बदललेल्या रूपावरच इंडेक्स करावा लागतो. ‘लाइक’च्या नमुन्यात सुरुवातीलाच टक्क्याचे चिन्ह आहे, शब्दकोशात शेवटच्या अक्षरावरून शब्द शोधता येत नाही, तसाच क्रमाने लावलेला इंडेक्सही तिथे हतबल ठरतो. मायएसक्यूएलमध्ये मजकुराच्या कॉलमची तुलना अवतरणचिन्हाविना लिहिलेल्या आकड्याशी केली आहे. किंवा इंडेक्स ‘शहर, आडनाव’ या क्रमाने आहे आणि शोध फक्त आडनावावर आहे. या सर्वांवर उपाय म्हणून प्रत्येक कॉलमवर इंडेक्स करून ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. प्रत्येक नवी नोंद लिहिताना टेबलवरील इंडेक्सही बदलावे लागतात आणि लिहिणे संथ होते.

पानांची विभागणी करताना ‘ऑफसेट’ वापरला असेल तर पहिली पाने झटपट आणि शेवटची पाने संथ उघडतात. १ लाखाचा ऑफसेट म्हणजे डेटाबेसने तेवढ्या ओळी वाचून टाकून देणे. त्याऐवजी मागच्या पानावरील शेवटच्या नोंदीचा क्रमांक लक्षात ठेवून त्याच्या पुढच्या नोंदी मागाव्यात.

सातवी पायरी: लपलेले लूप शोधावेत

दोन लूप एकात एक लिहिलेले असतील तर ते दिसतात. खरा त्रास देतात ते एखाद्या निरुपद्रवी वाटणाऱ्या ओळीत दडलेले लूप. पायथॉनच्या लिस्टमध्ये एखादी गोष्ट आहे का हे विचारणारी ओळ वाचायला लहान असते, पण त्यासाठी लिस्ट सुरुवातीपासून चाळावी लागते. तीच ओळ लूपमध्ये असली की १०० नोंदींसाठी सुमारे ५ हजार तुलना होतात आणि १०,००० नोंदींसाठी सुमारे ५ कोटी. लिस्टच्या जागी सेट वापरला की शोध जवळपास एका पावलात होतो. जावामध्ये लूपमध्ये अधिक चिन्हाने मजकूर जोडत गेल्यास दर वेळी आधीचा सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो. तिथे ‘स्ट्रिंगबिल्डर’ वापरावा. लिस्टच्या सुरुवातीला नोंद घालणे किंवा तिथून काढणे हाही याच जातीचा दोष आहे, कारण बाकीच्या सर्व नोंदी एका घराने सरकवाव्या लागतात.

या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण २०२१ मध्ये समोर आले. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा खेळ सुरू व्हायला कित्येक मिनिटे लागत. कंपनीबाहेरच्या एका प्रोग्रामरने सोर्स कोड हाती नसताना केवळ प्रोफायलर आणि चिकाटीच्या बळावर कारण शोधले. खेळ सुमारे १० एमबीची एक जेसन फाइल वाचत होता आणि तिच्यात सुमारे ६३,००० वस्तूंची यादी होती. फाइलमधील प्रत्येक छोटा तुकडा वाचताना सी भाषेतील ‘एसस्कॅनएफ’ हे फंक्शन आत ‘स्ट्रलेन’ चालवून उरलेल्या मजकुराची लांबी शेवटपर्यंत नव्याने मोजत होते. शिवाय प्रत्येक नवी वस्तू यादीत आधीच आहे का, हे पाहण्यासाठी तोपर्यंतची सगळी यादी चाळली जात होती. या दुसऱ्या दोषातूनच सुमारे १९८ कोटी तुलना होऊ शकत होत्या. दोन्ही ठिकाणे दुरुस्त केल्यावर सुरू होण्याचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि कंपनीने ती दुरुस्ती स्वीकारून त्या प्रोग्रामरला १०,००० डॉलर दिले. या कोडमधली एकही ओळ वाचताना संशयास्पद वाटली नसती, म्हणूनच हे उदाहरण मला इतके महत्त्वाचे वाटते.

आपल्या कोडमध्ये असे काही आहे का, हे ओळखण्याची सोपी चाचणी आहे. इनपुट दुप्पट करून वेळ मोजावा. वेळही साधारण दुप्पट झाला तर ठीक आहे; चौपट झाला तर कुठे तरी लूपमध्ये लूप दडलेला आहे.

आठवी पायरी: मेमरी

प्रोग्राम सुरुवातीला वेगवान असतो आणि काही तासांनी मंदावतो, अशी तक्रार असेल तर मेमरीचा आलेख पाहावा. तो कधीच खाली न येता चढत असेल, तर कुणी तरी वस्तू धरून ठेवल्या आहेत. गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा, असलेल्या भाषेतही हे घडते, कारण जिच्याकडे कुठून तरी संदर्भ जातो ती वस्तू तो सोडवू शकत नाही. आकाराची मर्यादा न घातलेली डिक्शनरी आणि कधीच न काढलेले इव्हेंट लिसनर हे दोन गुन्हेगार आधी तपासावेत. मोठी फाइल एकदम पूर्ण वाचण्याऐवजी ओळीओळीने वाचली, तर बहुतेक वेळा प्रश्नच उरत नाही.

नववी पायरी: एका वेळी एकच बदल करावा

कारण सापडले की बदल करण्याआधी एक वाक्य लिहावे: ‘हा बदल केल्यावर वेळ ८ सेकंदांवरून साधारण २ सेकंदांवर येईल, कारण…’ आकडा जुळला नाही तर आपले निदान चुकले आहे, आणि हे कळणे हीसुद्धा प्रगतीच आहे. तीन बदल एकत्र केले आणि वेळ निम्मा झाला, तर त्यांतला कोणता उपयोगी पडला आणि कोणत्याने उलट नुकसान केले, हे कधीच कळत नाही. ज्या बदलाने वेळ कमी झाला नाही तो परत घ्यावा. केला आहेच तर राहू द्यावा, या विचाराने ठेवलेला कोड पुढच्या वाचणाऱ्याला उगाच कोड्यात टाकतो.

वेग वाढवताना उत्तर बदलले नाही ना, हे जुन्या आणि नव्या निकालांची तुलना करून पाहावे. इथे अपूर्णांकांचा एक बारकावा आहे. संगणकातील नेहमीच्या अपूर्णांक पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही, आणि मोठ्या यादीची बेरीज वेगळ्या क्रमाने किंवा अनेक थ्रेडमध्ये विभागून केली तर शेवटचे काही अंक बदलतात. अशी तुलना तंतोतंत समानतेने न करता ठरवलेल्या सूक्ष्म फरकापर्यंत मान्य करावी. पैशांच्या हिशेबात मात्र अपूर्णांकांची ही पद्धत वापरूच नये. दशमान प्रकार किंवा लहानात लहान एककातली पूर्णांक संख्या वापरावी.

दहावी पायरी: कॅशे आणि थ्रेड शेवटी

कॅशे आणि थ्रेड ही दोन औषधे नवख्यांना सर्वांत आधी आठवतात. ती सर्वांत शेवटी घ्यावीत. कॅशे, म्हणजे तयार उत्तराची जवळ ठेवलेली प्रत, ठेवली की मूळ माहिती बदलल्यावर जुनी प्रत कधी टाकून द्यायची, हा नवा प्रश्न कायमचा मागे लागतो. कॅशेच्या चावीत वापरकर्त्याची ओळख घालायला विसरले, तर एकाची खासगी माहिती दुसऱ्याला दिसण्याचा गंभीर धोका असतो. ५ सेकंदांची क्वेरी इंडेक्सने ५ मिलिसेकंदांवर येत असेल, तर तिला कॅशेची गरजच राहत नाही.

थ्रेड वाढवण्याआधी चौथ्या पायरीचे उत्तर पुन्हा पाहावे. प्रोग्राम वाट पाहत असेल तर थ्रेड उपयोगी पडतात. हिशेब करत असेल तर नेहमीच्या पायथॉनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथॉन कोड चालवू शकतो, त्यामुळे थ्रेड वाढवून वेग वाढत नाही. तिथे स्वतंत्र प्रक्रिया वापराव्या लागतात. २०२४ मधील ३.१३ आवृत्तीपासून हे बंधन नसलेली वेगळी बिल्ड प्रायोगिक स्वरूपात मिळू लागली, पण आपण वापरत असलेल्या लायब्ररी तिच्यावर चालतात का, हे पाहूनच तिच्याकडे वळावे.

अकरावी पायरी: मदत मागताना

एवढे करूनही कारण सापडले नाही, तर विचारण्यात मुळीच संकोच करू नये. फक्त प्रश्न असा मांडावा की समोरच्याला तो स्वतः चालवून पाहता येईल. मूळ कोडमधून संबंध नसलेले भाग एक-एक करून काढत जावे आणि दोष दिसतो आहे तोवर कोड लहान करत जावा. पुष्कळदा या कापाकापीतच कारण सापडते. भाषेची आणि डेटाबेसची आवृत्ती, नोंदींची संख्या, मोजलेला वेळ, अपेक्षित वेळ आणि आतापर्यंत करून पाहिलेले उपाय यांचा उल्लेख करावा. क्वेरीची योजना आणि एरर मेसेज मजकूर म्हणून द्यावेत, स्क्रीनचे छायाचित्र म्हणून नव्हे, कारण छायाचित्रातून शब्द उचलून शोधता येत नाहीत. पाठवण्याआधी पासवर्ड, टोकन आणि सर्व्हरचे पत्ते त्यातून काढून टाकावेत.

दुरुस्ती टिकवण्यासाठी

दुरुस्ती झाली की कमिटच्या संदेशात आधीचा वेळ, नंतरचा वेळ आणि कोणत्या आकाराच्या डेटावर मोजला हे लिहावे. वेगासाठी कोड थोडा अनैसर्गिक लिहावा लागला असेल, तर त्यामागचे कारण तिथेच टिप्पणीत द्यावे. नाही तर सहा महिन्यांनी एखादा सहकारी तो ‘नीटनेटका’ करेल आणि तक्रार परत येईल. वेळ तपासणाऱ्या टेस्ट यंत्राच्या भारानुसार कधी पास, कधी नापास होतात, म्हणून शक्य तिथे वेळेऐवजी संख्या तपासावी. जँगोत ‘असर्ट नम क्वेरीज’ वापरून एका पानासाठी ठरल्यापेक्षा जास्त क्वेरी गेल्यास टेस्ट नापास करता येते; इतर फ्रेमवर्कमध्येही क्वेरी मोजून अशी टेस्ट लिहिता येते. तीच टेस्ट आधी ५ नोंदींवर आणि मग ५० नोंदींवर चालवावी: दोन्ही वेळा क्वेरींची संख्या सारखीच आली पाहिजे.